मुका खांब

"काकू, मधे मधे तुम्हीच घालून बघत जा की. डोकी काय, आपली साधारण सारखीच असणार," प्रांजल म्हणाली, आणि तिच्या कपाळावरून फिरवत आणलेली टेप माझ्या हातातून सुटली. प्रांजल म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची पोरगी. इथंच सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, केस कानाच्या वर कापलेले, मान मागून सगळी उघडी. लिफ्टमध्ये ती पुढं उभी राहिली की मी त्या मानेकडं बघत राहते, दुसऱ्याच्या ताटात बघावं तशी. तिला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी टोपी हवी होती, आणि ती साधी नाही, केसांची. मोबाईलमधला फोटो तिनं माझ्या नाकापुढं धरला: विणलेली गोल टोपी, तिच्या कडेनं खांद्याच्या खालपर्यंत लोंबणारे लोकरीचे जाडजूड पिळे, काळे, करडे, मधेच एखादा तपकिरी, आणि एकदोन पिळ्यांत अडकवलेल्या पिवळ्या कड्या. "ड्रेडलॉक्स, काकू. आमचा ग्रुप ड्रम वाजवणार आहे ना, म्हणून सगळ्यांनी काहीतरी भारी घालायचंय. कसलं कूल दिसतंय बघा." मी बघितलं. कूलच म्हणायचं. आमच्या घरात त्याला जट म्हणतात, आणि तो शब्द तोंडातून काढायच्या आधी हात जोडतात. माझा हात आपसूक डोक्यावरच्या स्कार्फकडं गेला, गाठ घट्ट आहे का बघायला. स्कार्फशिवाय प्रांजलनं मला कधी बघितलेलं नाही. मला सायनसचा त्रास आहे असं तिला वाटतं, आणि ते मीच सांगितलेलं आहे. "बघीन घालून," मी म्हणाले आणि पडलेली टेप उचलायला वाकले, तशी मागची ती सगळी जडशीळ वस्तू मानेवरून पुढं घसरली आणि मला एका हातानं भिंत धरावी लागली.

जट म्हणजे काय हे वागवणाऱ्यालाच कळतं. पाया पडणाऱ्याला वरची हळद दिसते, बास. माझी जट डोक्याच्या कातड्यापासून सुरू होते आणि कमरेच्या खाली जाते. वर मनगटाएवढी जाड, खाली चपटी. धुतली की दोन दिवस आत ओल राहते आणि कुबट वास सुटतो, म्हणून मी ती धुवायचं टाळते, म्हणून खाज सुटते, म्हणून क्रोशाची सुई उलटी करून मी आत खाजवते. देवीच्या वस्तूला असं सुईनं टोचणं पाप असेल तर माझ्या नावावर आत्तापर्यंत बरंच साठलं असेल. झोपायचं एकाच कुशीवर. उताणं झोपले तर मानेखाली दगड ठेवल्यासारखं होतं. डॉक्टरनं पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "हे कापल्याशिवाय मान सुटायची नाही." मी हसले. काय सांगणार त्याला? की ह्या घरातलं सगळं ह्या जटेवर चाललंय असं ह्या घराला वाटतं? माझे मालक तिकडं केरळात, त्रिशूरला असतात. विट्याकडची माणसं जशी गावोगाव जातात तसे गेले आणि सोनं गाळायचं दुकान घातलं. जट आली त्या वर्षी बुडत चाललेलं दुकान उभं राहिलं. मग विट्यात जागा झाली, मग सांगलीला विश्रामबागेत हा फ्लॅट झाला, लिफ्टसकट. एका दिवाळीला त्यांनी जटेसाठी सोन्याचं वळं घडवून आणलं आणि स्वतःच्या हातानं चढवलं. लग्नात मला डोरल्यातले दोन मणी कमी पडले होते. ते राहिले ते राहिलेच, पण जटेला वळं आलं.

रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मी स्कार्फ सोडून पदर घ्यायचा, मोबाईल देव्हाऱ्याच्या कडेला टेकवायचा, त्याच्याकडं पाठ करून बसायचं आणि पदर जरा बाजूला करून जट पुढं धरायची. तिकडं ते हात जोडतात. मला ते दिसत नाहीत, त्यांना मी दिसत नाही. "पेटवतो," असं म्हणतात आणि फोन बंद होतो. कधी मला ताप असतो, कधी रात्रभर झोप नसते, कधी मी रडून डोळे सुजवलेले असतात, पण पाठीला त्यातलं काही दिसत नाही. एकदा मुद्दाम तोंड करून बसले, तर ते घाबरलेच: "का गं? काय झालं? जट बरी हाय न्हवं?" बरी आहे म्हटलं. तिला काय धाड भरलीय. तेही वाईट नाहीत हो. दारू नाही, दुसरी भानगड नाही, हात उगारत नाहीत. उलट हात लावायचीच भीती वाटते त्यांना. जट आल्यापासून ते माझ्या अंथरुणाकडं येताना चप्पल बाहेर काढून देवळात यावं तसे येतात, आणि पुढं पुढं तर तेवढंही नाही. माणसानं किती वर्षं देवळात राहायचं?

आणि आत्या. आत्या म्हणजे माझी सासू, आणि माझी सख्खी आत्यासुद्धा. माझ्या बापाची धाकटी बहीण, धोंडुबाई. आमच्याकडं भावाची पोर बहिणीच्या घरात द्यायची रीत आहे. लहानपणी मी तिला "आगं आत्या" म्हणायचे, तिच्या ओच्यातल्या शेंगा काढून खायचे. मांडवात अक्षता पडल्या आणि एका दुपारीत आगंचं आवं झालं, तिची त्या झाल्या. तेव्हापासून "आत्या, तुम्ही जेवलात का, आत्या, तुम्ही बसा." दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या माझ्या जटेला हळदकुंकू लावतात आणि खाली वाकून पाया पडतात. गुडघे दुखतात त्यांचे, उठताना मलाच हात द्यावा लागतो. ज्या आत्यानं मला कडेवर घेऊन बोरं खायला घातली तिनं माझ्या पायाशी वाकायचं, आणि मी देवीसारखं तोंड करून उभं राहायचं. पहिल्यांदा मला इतकी लाज वाटली की मी मागं सरकले. "हलू नगंस," त्या खालूनच म्हणाल्या. तेव्हापासून मी हललेली नाही.

ती जट कशी झाली ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून तर जास्त कोंडल्यासारखं होतं. तेव्हा आम्ही विट्यात भाड्याच्या खोलीत होतो. दुसऱ्यांदा पोटातलं गेलं आणि मी जी अंथरुणाला खिळले ती खिळलेच. ताप होता, अंगावरून जात होतं, आणि कशाचीच इच्छा नव्हती. वेणी घालायची असते, दात घासायचे असतात, हे सगळं कुठंतरी लांब राहून गेलं. तेल, घाम, उशी, डोळ्यातलं पाणी, आणि एकाच कुशीवर पडलेली मी. केसांचा गुंता झाला, गुंत्याचा गोळा झाला. बाहेर सोप्यात मामंजी कुणाशी तरी हळू बोलत बसायचे. फलटणकडची एक पोरगी बघून आले होते ते, अर्जुनासाठी. अर्जुना म्हणजे माझेच मालक. "हिला माहेरी आटपाडीला धाडू. दोनदा झालं, आता किती वाट बघायची?" भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू यायचं. ऐकून वाईटसुद्धा वाटत नव्हतं इतकी मी रिकामी झाले होते. मग एका सकाळी आत्या फणी घेऊन आल्या, माझ्या डोक्याला हात लावला, आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. फणी खाली ठेवली, आणि एकदम मोठ्यानं ओरडल्या: "आगं बाई! आई आली हो घरात, आई आली!" सगळी धावली. आत्यांनी जमिनीला कपाळ टेकलं होतं. त्यांच्या मागं मामंजींनी टेकलं, मग त्रिशूरहून आलेल्या ह्यांनी. मला म्हणायचं होतं, अहो, गुंता आहे तो, तेल लावून सोडवा. पण बोलायला लागतं ते बळ माझ्यात नव्हतं. आणि खरं सांगू का, त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत फलटणचं नाव कुणी काढलं नाही. बळ आलं तोपर्यंत गुंत्याला नारळ फुटले होते.

क्रोशा मी सांगलीला आल्यावर शिकले, मोबाईलवर बघून. विणकाम शिकवणारी बाई बोलायला छान होती. साखळी म्हणजे साखळी, खांब म्हणजे सुईवर दोरा घेऊन उभा केलेला उंच टाका, आणि मग म्हणाली, "आता आपण मुका खांब शिकू." मी व्हिडिओ थांबवला. पुन्हा लावला. मुका खांब. सुई आत घालायची, दोरा ओढायचा, दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढायचा. उंची नाही, जाळी नाही, आरपार काही दिसत नाही. नुसता बुटका, घट्ट टाका, एकाला एक चिकटून. टोपी सगळी मुक्या खांबांची असते. मधोमध एक गोल धरायचा आणि त्याच्याभोवती फिरत राहायचं, टाके वाढवत वाढवत, आणि मापाचं झालं की वाढवणं बंद करून नुसतं खाली उतरायचं. कुठं सुरू झालं आणि कुठं फेरी संपली ते कळू नये असं विणलं तर ते चांगलं काम. माझं काम चांगलं आहे. बाळांच्या टोपड्या, कानटोप्या, सशाच्या कानांच्या टोप्या, सगळं करते मी. इमारतीतल्या बायका ऑर्डर देतात. कुणाच्या डोक्याला काय बसतं ते मला एका नजरेत कळतं. फक्त माझ्या स्वतःच्या डोक्यावर मी केलेली एकसुद्धा टोपी बसलेली नाही.

तर प्रांजलच्या टोपीला हात घातला. आधी गोल डोकं केलं काळ्या लोकरीचं, ते दोन दुपारींत झालं. मग पिळे. पिळ्याची एक गंमत असते. लांब साखळी घालायची, आणि परत येताना एकेका टाक्यात दोनदोन तीनतीन खांब कोंबायचे. एवढी गर्दी त्या साखळीला सोसत नाही, ती आपोआप वळायला लागते, स्वतःभोवतीच पीळ घेते. हाताने वळवावी लागत नाही. मी पहिला पिळा केला आणि तो माझ्या मांडीवर वळवळत वेटोळं करून बसला, आणि मी तो झटकन खाली टाकला. दुसरा केला. तिसरा केल्यावर मात्र हसायला आलं. एवढीच गोष्ट होती तर! जागा कमी आणि माणसं जास्त, म्हणून पीळ. आत्या समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दिवाळीच्या आधी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बाई भिंतीवरची मुंगी मोजते. त्यांनी एक पिळा उचलला, बोटांत चुरगळला, नाकाशी नेला. "ही कसली लोकर म्हनायची," त्या म्हणाल्या. "मेंढरू न बघितलेली लोकर. वास न्हाई, तेल न्हाई." आमच्या माहेरी, म्हणजे त्यांच्याही माहेरी, आटपाडीच्या रानात मेंढरं होती. वर्षातून दोनदा कातरण व्हायची. मेंढराचं डोकं दोन गुडघ्यांत धरायचं आणि मोठी कात्री चालवायची. आत्या कातरायला बसली की मेंढरू ओरडायचंसुद्धा नाही, असं माझा बाप सांगायचा. मला त्या मेंढरांचं शेवटचं तेवढं आठवतं: कातरून झालं की ते उठायचं, दोन पावलं वेडंवाकडं जायचं, आणि मग कसली तरी आठवण झाल्यासारखं एकदम उड्या मारत सुटायचं. "कुणाची म्हनायची ही टोपी?" आत्यांनी विचारलं. वरच्या प्रांजलची, म्हटलं. "आसली का?" "तिला आवडते अशी." आत्यांनी पिळा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाल्या, "काडून ठेवता येती न्हवं, मग आवडंल न्हाई तर काय." मी पुढची साखळी घातली. आम्ही दोघी फार गप्प बसतो.

मागं एकदा साताऱ्याच्या दोन बायका घरी आल्या होत्या, जट सोडवणाऱ्या. कुणीतरी त्यांना आमचा पत्ता दिला असणार. दोघीही बोलायला मऊ होत्या. "ताई, काही होत नाही. आम्ही कितीतरी जणींच्या कापल्या. भीती वाटत असेल तर तसं सांगा." माझा हात स्कार्फच्या गाठीकडं गेला. आतून आत्या चहा घेऊन आल्या. मला वाटलं आता ह्या बायकांची काही धडगत नाही. पण त्यांनी कप ठेवले आणि विचारलं, "कापताना दुकतं का वो?" ती बाई म्हणाली, "नाही आजी, केसच ते." "आन् मागनं घरात कायबी झालं, की कुनाच्या माथी?" त्यावर त्या बायकांनी बरंच समजावून सांगितलं, आणि आत्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मला वाटलं, त्या टोमणे मारतायत. बायकांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली. नको म्हणून. जटेसकट मान हलवायला किती जोर लागतो ते मला तेव्हा कळलं. त्या गेल्यावर आत्यांनी माझा उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाल्या, "निवला." आणखी काहीच नाही.

टोपी गुरुवारी संध्याकाळी पुरी झाली. कड्यासुद्धा अडकवल्या, प्रांजलनं ऑनलाईन मागवून दिलेल्या, पिवळ्याधमक. प्रांजल सारखी विचारत होती, "घालून बघितली का काकू?" आणि मी "हो, हो" म्हणत होते. खोटंच. मोठ्या डोक्याच्या टोप्या मी पितळेच्या एका लहान कळशीवर बसवून बघते. कळशी पालथी घातली की तिचा बुडाचा गोल साधारण डोक्याएवढा होतो. ती कळशी हॉलमध्ये शोकेसच्या खालच्या फळीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी असते. टोपी तिच्यावर घातली, पिळे नीट सोडले, आणि लांब जाऊन बघितलं. झकास झाली होती. इतकी झकास की मला अंगावर काटा आला. एक बाई पाठ करून बसलीय असं वाटत होतं. रोज सकाळी तिकडं त्रिशूरला जे दिसतं ते मला पहिल्यांदाच दिसलं, आणि मला त्या पाठीची एवढी दया आली की रडू फुटलं. आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी पंखा मोठा केला. मनात आलं, ही टोपी घालून ती पोरगी स्टेजवर ड्रम वाजवेल, घामाघूम होईल, मग काढून पिशवीत टाकेल आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेईल. हे सगळं ती एका संध्याकाळीत करेल. आणि मी? मी उद्या सकाळी, परवा सकाळी, मेले तरी जटेसकट. देवीची जट कापत नाहीत. आपसूक गळली तरच सुटका, ती देवीनं दिलेली सुट्टी. किती रात्री मी उशीवर डोकं घासलंय, गळ गं बाई गळ म्हणत. कशाची गळतेय. मेलेले केस जिवंत केसांना धरून बसलेले.

शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, डोक्याला नेहमीसारखा स्कार्फ, आणि हॉलच्या दारात थांबले. उदबत्ती लागलेली. आत्या कळशीसमोर बसलेल्या. टोपीच्या पिळ्यांवर हळद, कुंकू, एक जास्वंदाचं फूल. आणि आत्या हात जोडून डोळे मिटून पुटपुटत होत्या, "सोडलंस गं आई. पोरीला सोडलंस. लय उपकार झालं." मला आधी हसूच येत होतं. मग घाम फुटला. अहो, ही तर प्रांजलची टोपी! आता हिला हळद लागली, ही धुणार कशी, प्रांजलला काय सांगणार, असले फालतू विचार आधी आले डोक्यात. "आत्या, अहो ती—" मी म्हणाले. "गप," त्या म्हणाल्या, डोळे न उघडता. "गळली न्हवं? रातीत आपसूक गळली. मी माज्या डोळ्यानं बघतेय." आणि डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरळ, स्वच्छ, ऑपरेशन केलेल्या डोळ्यांनी. माझ्याकडं, मग माझ्या स्कार्फच्या मागच्या फुगवट्याकडं, मग परत माझ्याकडं. मेंढरू न बघितलेली लोकर म्हणणारी बाई. "गळलेली जट हिथं हाय म्हनल्यावर," त्या हळू म्हणाल्या, "तिथं डोक्यावर काय हाय मग? नुसता गुंताच की. गुंता काडला तर पाप न्हाई."

मी खाली बसले. "आत्या, तुला माहीत होतं?" मी म्हणाले. तुला म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडातून आगं आलं ते कळलंसुद्धा नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही. "काय माहीत न्हवतं?" आत्या म्हणाली. "म्या फणी घिऊन आले हुते. तासाभरात निगाला आसता त्यो गुंता. पर भाईर तुजं मामंजी फलटनच्या पोरीची सुपारी फोडाय बसलं हुतं. माज्या भावाची लेक, तुला आसं पदर फाटका करून धाडू व्हय मागारी? देवीची बाई घरातनं कोन घालवत न्हाई. म्हनलं, आज वरडावं, म्हयनाभरानं बघू. तर त्ये दुकान चालाय लागलं मेलं! मग कवा सांगू? आन् तू बी कवा बोलली न्हाईस. मला वाटलं, तुज्याबी मनात बसली आई." मला वाटलं तुझ्या मनात बसली, असं मीही म्हणणार होते. मी तिच्या मांडीवर डोकं टाकून रडले, मोठ्यानं, पंखा न लावता. एवढी वर्षं दोघी एका घरात, एका ताटाला बसून, एकमेकींना भक्त समजून राहिलो. राग आला मला, भयंकर राग. तिचा, माझा, त्या दुकानाचा. आणि त्याच रागात मी म्हणाले, "काप."

विणकामाच्या डब्यातली कात्री छोटी. आत्यानं स्वयंपाकघरातली मोठी आणली, खाली पेपर अंथरला, मला पुढ्यात बसवलं आणि माझं डोकं दोन गुडघ्यांत धरलं. गुडघे दुखतात तिचे, पण पकड काय होती! "हलू नगंस, कातडं कापंल." कर्रर्र आवाज आला. केसांचा आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं. मधे कात्री अडकली तेव्हा तिनं वळं उपसून काढलं आणि कमरेला खोचलं. मग पुन्हा कर्रर्र. दुखत काहीच नव्हतं. मी नुसती पेपरवरच्या जाहिराती वाचत होते, प्लॉट विकणे आहे, स्थळ पाहिजे. आणि मग एकदम माझं डोकं वर गेलं. मी उचललं नाही, ते आपण होऊन गेलं, पुढून मागं, मागून बाजूला, कुठं थांबायचं ते त्याला कळेना. मी उठले, दोन पावलं टाकली, आणि तोल जाऊन सोफ्याला धरलं. पेपरवर ती पडली होती, मळकी, हळदीनं चिकट, केवढीशी. इतकीशी होती ही? आत्या तिच्याकडं बघत होती आणि मी भिंतीवरच्या आरशाकडं जायची हिंमत गोळा करत होते. तेवढ्यात फोन वाजला.

सकाळचा फोन. तिकडं भट्टी खोळंबलेली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. "सांग त्यांना, गळली म्हणून," मी म्हणाले. फोन वाजतच होता. "त्यो आज दुकान उगडायचा न्हाई," ती म्हणाली. "गाडी धरून हिकडं यील. मग त्याची समजूत कोन काडनार, आन् कवा?" आणि मग तिनं जे केलं ते मला आजही दिसतं. कळशीवरची टोपी तिनं दोन्ही हातांनी उचलली, हळदीकुंकवासकट माझ्या डोक्यावर ओढली, कमरेचं वळं काढून मधल्या पिळ्यात घुसवलं, प्रांजलच्या दोन्ही कड्या ओरबाडून काढल्या, पदर वर घेतला, मला खांद्याला धरून पाठमोरी बसवलं आणि फोन टेकवला. हे सगळं एका दमात. मला पाठीमागं त्यांचा श्वास ऐकू आला. रोजच्यासारखे ते गप्प. आता कळेल, आता कळेल. लोकर ती, माझ्या हातची, मोजून बत्तीस रुपयाचा गुंडा; कळणार नाही का माणसाला? अकरा वर्षं ज्याच्यापुढं हात जोडले ते कसं दिसतं हे तरी माहीत असेल की नाही? मला एकाच वेळी दोन्ही वाटत होतं. कळू नये, देवा, कळू नये. आणि कळू दे. एकदा तरी नीट बघू देत ह्यांना. "आज कुकू लय छान लावलंया," ते म्हणाले. "पेटवतो." आणि फोन बंद झाला.

आत्या पदर तोंडात धरून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. मलाही हसू येत होतं, आणि हसू कुठं संपतं आणि काय सुरू होतं ते समजत नव्हतं. म्हणजे उद्याही सकाळी. परवाही. पुढच्या शुक्रवारी जटेच्या पाया पडायला विट्याच्या बायका येतील तेव्हाही. मी सुटले होते, आणि मी तिथंच, देव्हाऱ्यापुढं पाठ करून बसलेली होते. "दिवाळीला यील तवा सांगू," आत्या म्हणाली. "तवर केस तरी येत्याल कानापातूर. मी सांगीन. म्याच वरडले हुते, म्याच सांगीन." खरंच सांगेल का, मी विचारलं नाही. ती माझ्याकडं बघून डोकं हलवत होती. टोपी माझ्या कपाळावरून भुवयांपर्यंत घसरली होती. प्रांजलचं डोकं माझ्याहून मोठं निघालं. "ही सैल हुतीया," आत्या म्हणाली. "ही त्या पोरीची धुवून दिऊन टाक. तुजी तू येगळी कर, अंगाबरूबर. आन टेप." मी टेप दिली. तिनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली, आणि खिडकीतलं वारं सरळ कातड्याला लागलं, मानेवर, कानांमागं, सगळीकडं एकदम. तिनं टेप कपाळावरून मागं नेली. "हलू नगंस गं समे, माप चुकतंय," ती म्हणाली. पण मान माझं ऐकेना. ती इकडं वळत होती, तिकडं वळत होती, खिडकीकडं, दाराकडं, वरच्या मजल्यावरच्या पावलांकडं. आत्यानं पुन्हा पहिल्यापासून टेप धरली.